दोनदा मिस्तरींची पिन

मिस्तरींना यार्डात सगळे ‘दोनदा’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. कुठलंही काम ते दोनदा तपासायचे. नट आवळला की पाना खाली ठेवायचे, हात पुसायचे, आणि पुन्हा पाना उचलून तोच नट बघायचे. खोलीला कुलूप लावून चार पावलं जायचे आणि परत येऊन कुलूप ओढायचे. लग्नातसुद्धा ‘हो’ दोनदा म्हणाले अशी थट्टा होती. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “एकदाच म्हणालो असतो तर ऐकू कुणाला गेलं असतं? सासरची माणसं केवढी बडबडी!”

आता सांगायला बसलेच आहे तर आधीच सांगून टाकते, या सगळ्यात चूक माझी आहे. ताणून ताणून शेवटी कबुली द्यायची, असली नाटकं मला जमत नाहीत. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पोरांना मी बजावायची, पहिल्या ओळीत उत्तर लिहा, मग काय पाल्हाळ लावायचं ते लावा. तर उत्तर हे असं आहे.

मिस्तरी सतराव्या वर्षी बोटींच्या यार्डात आले ते सुतारकामाला. लाकडाच्या भुशानं त्यांना शिंका यायच्या, म्हणून सरकत सरकत इंजिनांकडे गेले आणि तिथेच रमले. बायको लवकर गेली. एकुलत्या एका मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. ती माझ्याच वर्गात होती. वेण्या बाप घालायचा, आणि अर्थातच दोनदा आवळून. त्या पोरीच्या भुवया सबंध वर्षभर वर चढलेल्या असायच्या. मला वाटायचं, हिला माझं शिकवणं पटत नाही की काय! आज ती औषधांचं दुकान सांभाळते, तिला स्वतःला एक मुलगी आहे, आणि बापलेक एकाच घरात राहतात.

आमची बोट माझ्या वडिलांची. शिडाची, अठ्ठावीस फुटी, माझ्यापेक्षा थोडी लहान आणि माझ्याइतकीच कुरकुरी. वारा पडला किंवा धक्क्याला लागायचं असलं तर उपयोगी पडावं म्हणून तिच्या पोटात एक डिझेल इंजिन होतं. ते वडिलांनी आणि मिस्तरींनी मिळून बसवलेलं. वडील गेल्यावर बोट माझ्याकडे आली, आणि बोटीबरोबर मिस्तरीही आले म्हणा ना. आमच्या ह्यांना बोट नुसती लांबून दिसली तरी मळमळतं. त्यामुळे बोटीवर आम्ही दोघंच, मी सुकाणूवर आणि मिस्तरी बाकी सगळीकडे.

त्या इंजिनानं शेवटी शेवटी अगदी जीव खाल्ला. सुरू करताना काळा धूर, बंद करताना पांढरा, आणि मध्ये पाण्यावर तेलाचा तवंग. सुटे भाग मिळेनासे झाले. धूर खाऊन खाऊन मिस्तरी खोकायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, “त्याला राहू द्या हो बाई, म्हातारा आहे.” इंजिनाबद्दल म्हणायचे की स्वतःबद्दल, देव जाणे.

मी ठरवलं, डिझेल काढायचं आणि विजेची मोटर बसवायची. वर्गात आयुष्यभर स्वच्छ ऊर्जा म्हणून घसा कोरडा केला, आता एकदा करून दाखवायला नको? मी पुस्तकं आणली, आकडेमोड केली, वह्या भरल्या. मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला विजेतलं फारसं कळत नाही. पण बसवायचं तर नीट बसवू.”

आणि खरंच नीट बसवली. साखळीच्या कप्पीनं जुनं इंजिन बाहेर काढलं तेव्हा त्यांनी यार्डातल्या चौघांना हात लावू दिला नाही, स्वतः एकेक कडी सोडत होते. इंजिनाखाली पस्तीस वर्षांचं काळं चिकट साचलेलं होतं. ते त्यांनी चार दिवस गुडघ्यांवर बसून खरवडलं. मग जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून नव्या मोटरच्या पायांचं माप घेतलं. मोटर आणि बोटीखाली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, अगदी एका रेषेत यायला हवेत; त्यासाठी पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवत त्यांनी दोन दिवस घालवले. मी चिडचिड करायची. “मिस्तरी, केसाएवढा फरक आहे!” ते म्हणायचे, “केस जेवणात आला तर चालतो का बाई?”

बॅटऱ्यांची पेटी, जाड तारा, मीटर, सगळं माझ्या चित्राप्रमाणे. एकच गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केली, ती म्हणजे पिन.

त्याचं असं होतं. शाफ्ट जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथे एक ग्लँड असतं, पाणी आत येऊ नये म्हणून आवळलेलं. मिस्तरींची जुनी सवय, शीड चढलं आणि बोट पळायला लागली की आत पालथं पडायचं, हात खांद्यापर्यंत मागे घालायचा आणि चाचपून बघायचं, ग्लँड गळतंय का, गरम आहे का. तिथे नजर पोचत नाही, फक्त हात पोचतो. जुन्या इंजिनाला गिअर होता, तो अडकवला की शाफ्ट जागच्या जागी थांबायचा. नव्या मोटरला गिअर नव्हता. बोट शिडावर पळताना पाणी पंख्याला फिरवणार आणि पंखा शाफ्टला. म्हणून मिस्तरींनी शाफ्टवर एक कडं बसवलं, कड्याला भोक पाडलं, आणि बोटाएवढी स्टीलची पिन केली. पिन घातली की शाफ्ट हलत नाही. पिनेला लाल दोरी. ते कडं आणि पिन टांगायची खुंटी, दोन्ही माझ्या पायापाशी, फळीच्या झाकणाखाली.

झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगानं नियम लिहिला, ‘ज्याने पिन घातली त्यानेच काढावी.’ त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या खडूनं दुरुस्त केल्या. नियमाकडे मात्र तेवढं लक्ष दिलं नाही.

आता भांडणाचं सांगते. मोटर फिरते तेव्हा बॅटरीतली वीज खाते. पण शिडावर पळताना पाण्यानंच पंखा फिरला तर तीच मोटर उलट वीज तयार करते आणि बॅटरी भरते. मला याचं केवढं अप्रूप! मी यार्डात सगळ्यांसमोर मिस्तरींना ते समजावलं. ते हसले आणि म्हणाले, “वाऱ्यानं बोट, बोटीनं पाणी, पाण्यानं पंखा, आणि पंख्यानं वीज? बाई, हे पोरांना सांगा.” सगळे हसले. थट्टाच होती, दुसरं काही नाही. पण मला लागलं. मला चूक ठरवलेलं मुळात सोसतच नाही, आणि यार्डाच्या मालकांसमोर तर नाहीच नाही. मनात म्हटलं, थांबा मिस्तरी, मीटरचा काटा तुम्हाला दाखवतेच.

पहिल्यांदा बाहेर काढली तो दिवस स्वच्छ होता, वारा छान भरलेला. धक्क्यावरून मोटरवर निघालो. आवाज नाही, धूर नाही, खोकला नाही! मिस्तरी डोलकाठीला हात लावून उभे होते आणि लहान मुलासारखे इकडेतिकडे बघत होते. म्हणाले, “आपण निघालो का बाई? मला कळलंच नाही.” मग शिडं चढवली, मी मोटर बंद केली. मिस्तरींनी माझ्या पायापाशी वाकून पिन घातली, ओढून बघितली, झाकण लावलं, पुन्हा उघडून ओढून बघितली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग ते पुढे गेले, पुढच्या शिडाची दोरी अडकली होती ती सोडवायला.

मी सुकाणू गुडघ्यात धरलं, झाकण उघडलं आणि लाल दोरी ओढली. पिन निघेना. पाण्याच्या जोरानं शाफ्ट तिच्यावर रेटत होता. मी बोट जरा वाऱ्याकडे वळवली, वेग कमी झाला, तेव्हा ती सुटली. म्हणजे बघा, विचार करायला मला भरपूर वेळ होता. मी विचार केला तो एवढाच, की मीटर बघून त्यांचा चेहरा कसा होईल. पिन खिशात टाकली, झाकण लावलं, बोट पुन्हा वाटेवर आणली. काटा हलला. वर वर चढत गेला. माझा आनंद काय सांगू!

दोरी सोडवून मिस्तरी मागे आले आणि आत उतरले. मला वाटलं, पाणी प्यायला गेले. मी हाक मारली, “मिस्तरी, वर या, गंमत दाखवते!” उत्तर नाही. मी काट्याकडे बघत होते. तो एकदम खाली आला, शून्यावर. आणि मग त्यांचा आवाज आला. तो मी पुन्हा ऐकवणार नाही.

त्यांच्या हातात नेहमीसारखी चिंधी होती. ती शाफ्टच्या बोल्टमध्ये गुंडाळली गेली आणि बोटं तिच्याबरोबर. शाफ्ट फिरतोय हे त्यांना कळणार कसं? त्या मोटरला आवाजच नव्हता. मी बोट सरळ वाऱ्याच्या तोंडावर घातली, शिडं फडफडायला लागली, बोट थांबली. आत जाऊन चिंधी सुरीनं कापली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते हाताकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, मी पिन घातली नव्हती का?”

पिन माझ्या खिशात होती. मी म्हणाले, “आधी हात वर धरा.”

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून. त्यांना दवाखान्यात आत नेलं, आणि मुलगी येईपर्यंत मी यार्डात परत जाऊन आले. बोट नीट बांधायची राहिली होती, हे निमित्त. पिन खुंटीवर टांगली. परत आले तर मिस्तरी मुलीला सांगत होते, “खुंटीवरच राहिली असणार. घातली असं वाटलं मला.” मुलीनं माझ्याकडे बघितलं, त्याच वर चढलेल्या भुवयांनी. मी खाली बघितलं.

सांगणार होते हो! आधी म्हटलं, टाके निघू देत. मग म्हटलं, ताप उतरू दे. मग म्हटलं, पट्टी सुटू दे. आमचे हे रोज संध्याकाळी विचारायचे, “सांगितलंस?” मी म्हणायची, “तुम्ही मध्ये पडू नका.” एके दिवशी ते म्हणाले, “मला बोट लागते, तुला खरं बोलणं लागतं. दोघांनाही मळमळतं.” मी चिडून दोन दिवस बोलले नाही. त्या माणसाचं बरोबर होतं, हाच तर राग होता.

तीन बोटांनी पाना धरायला मिस्तरी महिन्याभरात शिकले. हाताचं काही अडलं नव्हतं. आणि त्याच सुमारास यार्डाचे मालक माझ्याकडे आले. आमच्या बोटीचं बघून आणखी सहा जणांना डिझेल काढून मोटर बसवून हवी होती. मालकांना त्यासाठी वेगळी शेड उघडायची होती, आणि तिचा प्रमुख म्हणून माणूस हवा होता. हे काम हातानं केलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर एकच होता. मालक आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “बाई, तुम्ही समोर होतात. एकदा स्पष्ट सांगा, मिस्तरी विसरले का? मला दहा माणसांचे हात त्यांच्या भरवशावर सोडायचे आहेत.”

एक वाक्य होतं. ‘पिन मी काढली.’ तीन शब्द, पहिलीतलं पोर लिहील. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “वय झालंय हो त्यांचं आता.”

यात खोटं काय आहे? वय झालंच होतं. मी त्या रात्री स्वतःला हेच सांगितलं आणि झोपलेसुद्धा.

शेड दुसऱ्याला मिळाली. मिस्तरींनी यार्डात जाणंच सोडलं. मी अधूनमधून त्यांच्याकडे जायची, फळं वगैरे घेऊन. दुसरं काय नेणार? दर वेळी काहीतरी नवीन दिसायचं. गॅसचं बटण ते आता दहादा बघायचे. चहा ढवळताना विचारायचे, “साखर घातली का मी?” स्वतःच्या दाराची किल्ली त्यांनी मुलीकडे देऊन टाकली होती. मी हसण्यावारी न्यायची आणि घरी येऊन ह्यांच्यावर डाफरायची.

मग अपघाताला चौदा महिने झाले असताना मी एकदा औषधं आणायला मुलीच्या दुकानात गेले. ती बिल करता करता खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, बाबा हल्ली छोटीला घेऊन रस्ता ओलांडत नाहीत. शाळा समोरच आहे, तरी नाही. म्हणतात, मला वाटेल मी तिचा हात धरलाय आणि धरलेला नसेल.”

मी औषधं तिथेच विसरले. तशीच चालत त्यांच्या घरी गेले. मिस्तरी खिडकीपाशी बसून छोटीच्या पेन्सिली सुरीनं तासत होते, सगळ्या एका मापाच्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हणाले, “मिस्तरी, पिन तुम्ही घातली होती. मी काढली. तुम्हाला मीटर दाखवायला काढली. आणि खुंटीवरही मीच टांगली.”

त्यांनी सुरी मिटली. “मी घातली होती?”

“हो.”

“ओढून बघितली होती?”

“हो. झाकण पुन्हा उघडून बघितली होती. मी बघत होते.”

ते उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. द्याव्यात असं मनापासून वाटत होतं. तेवढ्यात मुलगी मी विसरलेली औषधं घेऊन धापा टाकत आली. तिला दारातच धरून ते म्हणाले, “अगं ऐकलंस का, मी घातली होती! विसरलो नव्हतो मी! बाई सांगतायत, घातली होती!” हसत होते आणि त्या तीन बोटांच्या हातानं डोळे पुसत होते. आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, चला, झालं एकदाचं, यांनी माफसुद्धा केलं.

मुलीनं पिशवी टेबलावर ठेवली.

मिस्तरी पुन्हा खुर्चीत बसले. मग एखादं यंत्र कुठे अडलंय ते शोधावं तसे शांतपणे म्हणाले, “पण बाई, मग मालकांना तुम्ही तसं का सांगितलंत?”

“काय सांगितलं?” मी विचारलं. मला माहीत होतं काय ते.

“वय झालं म्हणून. मालक इथे आले होते, मला घ्यायचं नाही हे सांगायला. चांगला माणूस, तोंडावर सांगायला आला. तोवर मी सगळ्यांना म्हणत होतो, विसरलो असेन, विसरलो असेन. पण मनातून वाटायचं, नाही, घातली होती. हाताला आठवत होतं. मालकांनाही मी तेच म्हणालो, की मला तर आठवतंय घातल्याचं. तर ते म्हणाले, मी बाईंना विचारून आलोय, त्या समोर होत्या, त्याही म्हणतात वय झालं.” त्यांनी एक पेन्सिल उचलली, टोक बघितलं आणि खाली ठेवली. “मग मी हाताचं ऐकणं सोडलं. म्हटलं, बाईंनी डोळ्यांनी बघितलंय, त्या कशाला खोटं सांगतील?”

ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत बसले. मुलगीही बघत होती.